न छापलेल्या बातमीचा सातबारा

बातमी साडेतीनशे शब्दांची होती. कोकणात सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, वसलेल्या एका गावात दीड वर्षात जमिनीचे किती व्यवहार झाले, खरेदीदार कुठल्या शहरांतले, आणि मुख्य म्हणजे आठ खरेदीखतांवर साक्षीदार म्हणून सही एकाच माणसाची. हे शेवटचं पाचव्या परिच्छेदात होतं, गट नंबरांसकट. मी तेव्हा एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत डेस्कवर होतो. मजकूर पानात लावत होतो तेवढ्यात वार्ताहराचाच फोन आला. "भाऊ, पाचवो पॅरा काढून टाका."

"कोण काय बोललं का?"

"नाय, कोणीच काय बोलूक नाय. पन तो माझ्या मावसभावाचो सासरो. आपणाक हयच रवाचा आसा."

मी पॅरा काढला. खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं, कारण पान बंद करायला वीस मिनिटं उरली होती आणि त्या गट नंबरांची खातरजमा मलाच करावी लागली असती. मोकळ्या झालेल्या जागेत वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरात बसली.

त्या संध्याकाळी कोणी धमकी दिली नव्हती. सरकारचा आदेश नव्हता, मालकाचा निरोप नव्हता, कंपनीचं पत्र नव्हतं. तरी एक बातमी कमी झाली, आणि ती कमी झाल्याची नोंद जगात कुठेच नाही. आणीबाणीत काही वृत्तपत्रांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. कोरी जागा निदान वाचकाला दिसायची. इथे काहीतरी होतं आणि ते काढलंय, एवढं कळायचं. आता जागा कोरी राहत नाही. तिथे कोणाचा तरी हसरा फोटो असतो.

जागतिकीकरण आणि वृत्तपत्रस्वातंत्र्य हा विषय निघाला की दोन ठरलेली भाषणं ऐकू येतात. पहिलं असं की जग जवळ आलं, इंटरनेट आलं, आता कोणी काही लपवू शकत नाही. दुसरं असं की बड्या भांडवलाने माध्यमं गिळली. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही भाषणं मोठ्या शहरात बसून केलेली वाटतात. कोकणात जागतिक भांडवल परदेशी साहेबाच्या रूपात येत नाही. ते गावातल्याच माणसाच्या रूपात येतं. तो तुमच्या पालखीचा मानकरी असतो, मावसभावाचा सासरा असतो, ग्रामपंचायतीचा माजी सदस्य असतो. त्याच्या मागे कोण, त्या मागच्याच्या मागे कोण, ही साखळी मुंबई, दिल्ली, आणखी कुठल्या राजधानीपर्यंत जात असेल; पण वार्ताहराला त्यातली पहिली कडीच दिसते आणि तिला रोज बाजारात रामराम घालायचा असतो. आपली जी काही भीती आहे ती या पहिल्या कडीची आहे, आणि म्हणून तिला 'दबाव' म्हणायला आपली जीभ वळत नाही. आपण तिला 'संबंध' म्हणतो.

कोकणाला जग नवीन आहे असंही नाही. दाभोळ आणि चौल ही बंदरं अरबस्तानाशी व्यापार करत होती तेव्हा आजच्या कित्येक महानगरांचा पत्ता नव्हता. घरटी एक माणूस मुंबईला आणि किनाऱ्यावरच्या कित्येक घरांतला एक आखातात, हे आपलं अर्थशास्त्रच आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत बदललं ते एवढंच, की पूर्वी इथली माणसं जगात जात होती. आता जग इथली जमीन शोधत आलं.

पहिला मोठा पाहुणा गुहागर तालुक्यात आला. १९९२ मध्ये वीजप्रकल्पासाठी एन्रॉनशी सामंजस्य करार झाला. प्रकल्प १९९५ मध्ये रद्द झाला, फेरवाटाघाटी होऊन परत आला, १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली आणि डिसेंबर २००१ मध्ये खुद्द ती अमेरिकी कंपनीच दिवाळखोरीत निघाली. वेलदूर-अंजनवेलच्या लोकांवर पोलिसांनी काय केलं याचा सविस्तर अहवाल ह्यूमन राइट्स वॉचने जानेवारी १९९९ मध्ये प्रसिद्ध केला, न्यूयॉर्कहून. त्यात कंपनीच्या जबाबदारीबद्दल जे स्पष्ट लिहिलं होतं ते जिल्ह्यातल्या किती पानांवर तितकं स्पष्ट आलं असेल? बातम्या आल्या होत्या, नाही असं नाही. पण 'लाठीमार', 'तणाव', 'बंदोबस्त' या शब्दांत आल्या. कोणी कोणाच्या पैशाने बंदोबस्त ठेवला, हे वाक्य दूरच्या माणसाला लिहिता आलं.

हे अंतर मला फार महत्त्वाचं वाटतं. १८७८ चा व्हर्नाक्युलर प्रेस ॲक्ट फक्त देशी भाषांतल्या पत्रांना लागू होता. इंग्रजी पत्रं त्यातून सुटली होती. म्हणून कलकत्त्याच्या अमृत बझार पत्रिकेने स्वतःला रातोरात इंग्रजी करून घेतलं. तो कायदा चार वर्षांत रद्द झाला, पण त्यातला हिशेब आजही चालू आहे, कायद्याविना. एकाच प्रकल्पाची एकच गोष्ट लंडनच्या किंवा दिल्लीच्या संकेतस्थळावर इंग्रजीत येते तेव्हा तिला पुरस्कार मिळतो. तीच मराठीत, तालुक्याच्या पानावर, नावानिशी येते तेव्हा लिहिणाऱ्याच्या दुचाकीला मागून गाडी येते.

ही अतिशयोक्ती नाही. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला एका गाडीने उडवलं आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. प्रस्तावित रिफायनरीबद्दल ते सातत्याने लिहीत होते, आणि जमिनीच्या व्यवहारांत असलेल्या एका स्थानिक रिफायनरी समर्थकाविषयीची त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती. खुनाच्या आरोपाखाली अटक झाली ती त्याच माणसाला. निकाल न्यायालय देईल. मला इथे एवढंच दाखवायचं आहे की वर्षाला सहा कोटी टन तेल शुद्ध करण्याची स्वप्नं पाहणारा प्रकल्प, तीन सरकारी तेल कंपन्या, त्यांच्याशी २०१८ मध्ये करार केलेल्या सौदी अरामको आणि अबुधाबीच्या ॲडनॉक, एवढा सगळा जागतिक पसारा. आणि वार्ताहर जिथे पडला तो तालुक्याचा रस्ता.

वारिशे गेल्यावर निषेधाच्या सभा झाल्या, निवेदनं दिली गेली, काळ्या फिती बांधल्या गेल्या. त्यानंतरच्या महिन्यांत बातम्यांत काय बदललं हे मात्र कोणी मोजलं नाही. मी मोजलेलं नाही, पण जिल्ह्यातली पानं रोज वाचतो. एप्रिलमध्ये रिफायनरीसाठी बारसूच्या सड्यावर माती परीक्षण सुरू झालं, बायका उन्हात कातळावर आडव्या झाल्या, तेव्हा आंदोलनाच्या बातम्या भरभरून आल्या, कारण आंदोलन सगळ्यांना दिसत होतं आणि दूरदूरच्या वाहिन्या तिथे होत्या. ज्या सड्यावरची कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेलेली, तो सडा जगाला दाखवायला सगळे आले. पण तिथल्या जमिनी आधी कोणी घेतल्या, कधी घेतल्या, प्रकल्प जाहीर होण्याच्या किती महिने अगोदर, हे काम कॅमेऱ्याचं नाही. ते तलाठ्याकडे चार खेपा घालून, फेरफार काढून, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बसून करायचं काम आहे. आणि ते करणारा माणूस दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो. वाहिन्यांच्या गाड्या महामार्गाला लागलेल्या असतात.

दर वर्षी रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्सचा वृत्तपत्रस्वातंत्र्याचा निर्देशांक येतो. १८० देशांत भारत २०२३ मध्ये १६१ वा होता, २०२४ मध्ये १५९ वा, २०२५ मध्ये १५१ वा. आकडा आला की एक बाजू म्हणते बघा, दुसरी म्हणते परदेशी कट. मला त्या आकड्याचा राग नाही, पण त्याचा उपयोगही मर्यादित वाटतो. ठार झालेला, अटक झालेला, खटला भरलेला पत्रकार मोजता येतो. पाचवा परिच्छेद कसा मोजणार? आपण दहा पायऱ्या वर चढलो तर ते वार्ताहर जास्त लिहू लागल्यामुळे असेल किंवा कोणी काही लिहीतच नसल्याने कोणाला पकडावं लागत नाही, म्हणूनही असेल.

आता पैशाचं. यावर बोलायला आमच्या धंद्यातले लोक लाजतात.

तालुक्याचा वार्ताहर नोकरीत नसतो. त्याला मानधन असतं, आणि ते पेट्रोलला पुरत नाही. त्याचं खरं उत्पन्न जाहिरातीच्या कमिशनवर असतं. वर्धापनदिनाची पुरवणी, दिवाळी, गणपती, आणि नेत्यांचे वाढदिवस, या प्रत्येकाचं टार्गेट असतं. म्हणजे ज्या माणसाने सोमवारी प्रश्न विचारायचा त्यानेच मंगळवारी त्याच दारात जाहिरात मागायची. तालुक्यात जाहिरात देऊ शकणारे असतात किती? दोन बिल्डर, एक-दोन पतसंस्था, राजकीय पुढारी, औद्योगिक वसाहत असेल तर तिथले कारखाने, आणि एखादा मोठा प्रकल्प येऊ घातला असेल तर त्याच्या अवतीभवतीचे ठेकेदार. या यादीतल्या कोणावर वार्ताहर लिहू शकतो, याचं गणित कोणालाही घरबसल्या मांडता येईल.

आणि इथे जागतिकीकरण अगदी थेट शिरतं. छपाईचा कागद मोठ्या प्रमाणात आयात होतो. युक्रेनच्या युद्धानंतर त्याचे भाव कडाडले तेव्हा पहिली कात्री जिल्ह्याच्या पानांना लागली. जी छोटी जाहिरात पूर्वी गावचा दुकानदार आमच्याकडे द्यायचा, ती आता गूगल आणि फेसबुककडे जाते. १९५५ च्या मंत्रिमंडळाच्या ठरावाने परदेशी पैसा वृत्तपत्रांबाहेर ठेवला होता. जून २००२ मध्ये २६ टक्क्यांपर्यंत दार उघडलं. तेव्हा केवढा वाद झाला होता, परकीय मालक आपली मतं बदलतील म्हणून! परदेशी मालक तालुक्यापर्यंत कधी आलाच नाही. तालुक्याचा पैसा मात्र परदेशी गेला, आणि मतं बदलायची गरजच उरली नाही.

१९६१ मध्ये सकाळ पेपर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वृत्तपत्राची पानं आणि किंमत यांवर सरकारने असं बंधन घालणं म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्यालाच कात्री लावणं. पुण्याच्या एका मराठी दैनिकाने लढून मिळवलेला हा निकाल आहे, आपल्याला त्याचा अभिमान हवा. पण आज पानं कमी करायचा आदेश कोणी काढत नाही. कागदाचा भाव आणि गेलेली जाहिरात मिळून ते काम होतं. बाजाराविरुद्ध रिट याचिका करता येत नाही.

मग इंटरनेट? यूट्यूब चॅनल काढणारी पोरं प्रत्येक तालुक्यात आहेत. काही फार चांगलं काम करतात. माझा त्यांच्याविषयी तक्रारीचा सूर नाही. पण मोबाइलवरचं स्वातंत्र्य किती टणक असतं हे आपल्याच किनाऱ्याने दाखवून दिलं आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या एका तरुणीने बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने ते लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. माध्यम अमेरिकी, मजकूर जगात कुठेही वाचता येणारा, आणि पोलीस ठाणं पालघरचं. त्या प्रकरणातून पुढे आलेल्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम रद्द झालं, ही फार मोठी गोष्ट. पण त्या वर्षीच्या गणपतीत एका ओळखीच्याने मला काय सांगितलं? "कलम गेला, पण शेजारी खय गेलो?" त्याला कलम घटनाबाह्य ठरल्याची बातमी ठाऊक होती. त्याच्या वाडीचा व्हॉट्सॲप ग्रुप तिला बांधील नव्हता.

आखातातल्या आपल्या माणसांचंही असंच. रिफायनरीच्या वादाच्या काळात गावच्या ग्रुपवर सगळ्यात जास्त बोलणारा एक जण अरामकोचं नाव आल्यापासून गप्प झाला. तो आखातात नोकरीला. मला खासगीत त्याचा व्हॉइस मेसेज आला: माझं मत तुला माहीत आहे, पण माझं नाव कुठे घालू नकोस. त्याला कोणी काही म्हटलं होतं का? नाही. तिथले सायबर कायदे कडक आहेत एवढं ज्ञान पुरेसं होतं. राजापूर तालुक्यातल्या जमिनीविषयी राजापूरच्या माणसाने बोलायचं की नाही, हे समुद्रापलीकडच्या व्हिसाने ठरवलं. ही वृत्तपत्राची गोष्ट नाही म्हणून तिला सेन्सॉरशिप म्हणायचं नाही का?

आपणही एकमेकांना गप्प बसवतो, हेही लिहायला हवं. नाहीतर सगळा दोष बाहेरच्यांवर टाकून मोकळं व्हायचं असं होईल. मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याला बंदी घातली, फळमाशीच्या कारणाने. ती २०१५ च्या जानेवारीत उठली. त्यानंतर फवारणी, कीडनाशकांचे अंश, पेटीत कर्नाटकचा आंबा मिसळणं, यातल्या कशावरही बातमी करायची म्हटली की बागायतदारच हात जोडतात. "हापूसची बदनामी होईल. बाहेर वाचतात." पूर्वी जिल्ह्याचं पान जिल्ह्यात वाचलं जायचं. आता ई-पेपर वाशीच्या व्यापाऱ्याच्या आणि दुबईच्या आयातदाराच्या फोनवर जातो, आणि बाहेर कोणीतरी वाचतंय ही जाणीवच घरचं खरं बोलणं अडवते. माझा स्वतःचा मेहुणा बागायतदार आहे. पेटीत भेसळ करणाऱ्यांवर मी लिहिणार होतो त्या वर्षी लिहिलं नाही. पुढच्या वर्षीही नाही.

पण जग जवळ आल्याचा खरा फायदा आहे, आणि तो आम्ही वापरत नाही ही माझी जास्त मोठी तक्रार आहे. जैतापूरला मूळ आराखड्यानुसार फ्रेंच बनावटीच्या १६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या बसवायच्या आहेत, एकूण ९९०० मेगावॅट. त्याच आराखड्याची भट्टी फ्रान्समध्ये फ्लामानव्हिलला २००७ पासून बांधत होते. २०१२ ला पुरी व्हायची ती ग्रिडला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये. एप्रिल २०१५ मध्ये फ्रान्सच्या अणुसुरक्षा नियामकाने स्वतःहून जाहीर केलं की भट्टीच्या पात्राच्या पोलादात दोष आढळला आहे. ही माहिती गुप्त नाही, प्रकल्पाच्याच माडबन गावात चहाच्या टपरीवर बसून वाचता येते. किंवा लोटे औद्योगिक वसाहत घ्या. इटलीत विचेन्झाजवळच्या त्रिस्सिनोतला मितेनी हा रासायनिक कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला. त्याने तिथल्या पाण्यात पीफास ही निसर्गात सहज न विघटणारी रसायनं सोडल्याप्रकरणी जून २०२५ मध्ये इटालियन न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवलं. त्या कारखान्याची यंत्रसामग्री विकली गेली आणि खेड तालुक्यातल्या लोटे वसाहतीत आली. यंत्रं बोटीने आली. त्यांच्या मागची कागदपत्रं, साक्षी, निकाल मराठीत यायला कोणाला बोट लागत नव्हती.

म्हणजे तेच भांडवल स्वतःच्या देशात नियामकाला, न्यायालयाला, पत्रकारांना उत्तरं देतं आणि इथे एका प्रेसनोटवर भागवतं. प्रेसनोटमध्ये रोजगाराचा आकडा असतो, आम्ही तो मथळ्यात घेतो. अरामकोसारख्या कंपनीच्या बाबतीत तर घरीही उत्तरं द्यायची सवय नाही. ज्या देशात स्वतंत्र वृत्तपत्रच नाही तिथून येणाऱ्या गुंतवणूकदाराला राजापूरचा वार्ताहर प्रश्न विचारणार, ही कल्पनाच त्याला नवीन असेल. त्याला ती सवय लावणं आपल्याच हातात होतं.

महाराष्ट्राने पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१७ मध्ये कायदा केला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. हल्ला झाला तर. जाहिरात बंद झाली, वार्ताहराच्या जागी दुसरा नेमला, बदनामीची नोटीस आली, तर हा कायदा काही करत नाही. बदनामी आजही फौजदारी गुन्हा आहे, नव्या न्याय संहितेतही तो ठेवला आहे, आणि तालुक्याच्या माणसाला खटल्याची शिक्षा लागत नाही, तारखाच पुरतात.

दर ६ जानेवारीला आम्ही पत्रकार दिन साजरा करतो. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ मध्ये त्या दिवशी 'दर्पण' काढलं. हार घालतो, भाषणं होतात, भेटवस्तू मिळते. ती कोण देतं ते पिशवीवर छापलेलं असतं. या वर्षी त्या कार्यक्रमानंतर आम्ही चार-पाच जण बाजूला बसलो आणि एक ठरवलं. पॅरिसमध्ये २०१७ मध्ये सुरू झालेली फॉरबिडन स्टोरीज नावाची संस्था मारल्या गेलेल्या पत्रकारांचं अर्धवट काम अनेक देशांतल्या वृत्तपत्रांकडून एकाच वेळी पुरं करून घेते. माणूस मारून बातमी मरत नाही, हे मारणाऱ्याला कळावं म्हणून. आमच्यातला एक म्हणाला, कोणी मरेपर्यंत थांबायचं कशाला? अडचणीची बातमी असेल तर तिघांनी एकाच दिवशी लावायची. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच द्यायचं नाही. फोन आला की म्हणायचं, सगळीकडेच आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर संधी आली. एका खाडीत मासे मरून वर आले, भोई लोकांनी पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या, आणि नाला कुठल्या कारखान्याच्या मागून येतो हे वाडीतल्या पोरांनी व्हिडिओत चालत जाऊन दाखवलं. आम्ही मजकूर एकत्र लिहिला, रात्री दहाला तीन ठिकाणी पाठवला. सकाळी पाहिलं तर दोघांनी जसाच्या तसा लावला होता, कारखान्याच्या नावासकट. तिसऱ्यात बातमी होती, फोटोही मोठा होता. फक्त नावाच्या जागी 'परिसरातील एका कारखान्यातून' असं होतं.

मी त्या तिसऱ्याला फोन केला. बराच वेळ उचलला नाही. मग उचलून म्हणाला, "आठ दिवसांवर वर्धापनदिन आहे, भाऊ. पुरवणीचं पहिलं पान त्यांचं आहे."